घरच्या लाकडाला टिचकी

घराचा इतिहास चौघांनी मिळून लिहायचा ठरला, तेव्हाच मधलीनं, म्हणजे मधल्या सुनेनं, मनाशी धरलं होतं की हे काम जेवणाच्या आत आटपत नाही. नऊ वाजता सगळे दिवाणखान्यात जमले. साडेदहा झाले तरी कागदावर पणजोबा बंदरावरच उभे होते आणि सागवानाचं जहाज काही धक्क्याला लागत नव्हतं.

"तीन शिडांचं," वन्सं म्हणाल्या. लिहायचं काम त्यांच्याकडे होतं, कारण भावंडांत अक्षर त्यांचं चांगलं आणि माघार घ्यायची सवय त्यांना नाही.

"दोन," थोरले म्हणाले.

"बाबा मला मांडीवर घेऊन सांगायचे, दादा. तीन."

"तुला मांडीवर घेतल्यावर बाबा तुला हवं तेच सांगायचे. नाहीतर तू उठायची नाहीस."

"शिडं काढूनच टाका," धाकटा खिडकीतून म्हणाला. तो दातांचा डॉक्टर. रविवारचा दवाखाना बंद ठेवून आला होता, आणि हे त्यानं आल्यापासून तीनदा सांगितलं होतं. "नुसतं जहाज लिही. घण काय शिडं मोजायला येणार आहे?"

घण म्हणजे जुनी घरं पाडून त्यांचं लाकूड विकणारा. खरं नाव त्याच्या पाटीवर होतं, पण पाटी कोण वाचतो. मागच्या महिन्यात तो दोनदा येऊन गेला. गल्ली अरुंद, घराला मागं वाट नाही, जागेला कुत्रं विचारत नव्हतं. भाव होता तो लाकडाला. चोवीस खांब, दोन्ही मजल्यांच्या तुळया, डोक्यावरची तक्तपोशी, नागमोडी जिना. घणानं सगळं डोळ्यांनी मोजलं आणि म्हणाला, "मालक, साग कुठेही मिळतो. इतिहासासकट मिळत नाही. तुम्ही चौघं वाटेकरी एका कागदावर लिहून द्या, की खांबन् खांब एका जहाजातून उतरला आणि तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नाही. सह्या करा. मी बाजाराच्या दुप्पट देतो."

आज बारा वाजता तो कागद न्यायला येणार होता.

चौघं म्हणजे थोरले, वन्सं, धाकटा आणि नवऱ्याच्या जागी मधली. दिवाणखान्यात पाचव्या होत्या थोरल्या जाऊबाई. त्यांना वाटा नव्हता, फक्त मत होतं, आणि ते त्या आतबाहेर करत अर्धंअर्धं देत होत्या. तसं कुणाचंच बूड टेकत नव्हतं. थोरले खांबापासून जिन्यापर्यंत आणि जिन्यापासून खांबापर्यंत येरझाऱ्या घालत होते. धाकटा घड्याळ बघायचा, मग मोबाइल बघायचा, मग दोन्हींत एकच वेळ आहे ना याची खात्री करायचा. मधली तेवढी एका स्टुलावर बसून होती, पण तिची बोटं चालली होती. नखांत अडकलेलं पॉलिश काढायचा तिला चाळाच होता.

तिचा कारखाना याच घरात, रस्त्याकडच्या खोलीत होता. पूर्वी तिथं पेढी होती. नवरा गेला त्या वर्षी तिनं तिथं दोन टेबलं टाकली आणि लोकांची जुनी कपाटं, खुर्च्या घासूनपुसून नव्या करायला घेतल्या. एकोणीस वर्षं झाली. हाताखाली तीन बायका होत्या. घर पडल्यावर वाट्याला येणार होत्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, जिथं कपाट चढत नाही आणि स्पिरिटचा वास शेजारी चढू देत नाहीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला रिकामं बसायला शिकावं लागणार होतं, आणि ते तिला जमण्यातलं नव्हतं.

एवढंच असतं तर ती गप्प राहून सही करून मोकळी झाली असती. घर सगळ्यांचं होतं, कारखाना तिचा एकटीचा. ती हिशेब समजणारी बाई होती.

"पुढं लिही," थोरले म्हणाले. "'त्या दिवसापासून या घरातल्या लाकडाला कुणी टिचकीसुद्धा मारलेली नाही.'"

"हे झकास," धाकटा म्हणाला. "हे तर शपथेवर खरं आहे."

ते खरंच खरं होतं. या घराण्याची सगळी कमाई टिचकीवर उभी होती. लाकूड घेताना टिचकी, विकताना टिचकी. थोरले डोळे मिटून ओंडक्याला बोटाचं पेर मारायचे आणि झाड कोणत्या उतारावर वाढलं ते सांगायचे. बाजारात भांडण लागलं तर दोन्ही बाजू त्यांच्या बोटाकडे यायच्या. "साग एकदाच बोलतो," ते म्हणायचे, "हलकं लाकूड पुढं पुढं करतं, माणसासारखं." पण हेच बोट घरात आलं की खिशात. घरच्या लाकडाला टिचकी मारायची नाही, हा पणजोबांचा दंडक होता. बापावर संशय घेतल्यासारखं होतं म्हणे. त्याच्याच पोटात दुसरा दंडक: घरच्या लाकडात खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे एवढ्या थोरल्या घरात अडकवायला एक खुंटी नव्हती. पणजोबांची तसबीर चार पिढ्या टेबलावर भिंतीला टेकून उभी होती, कॅलेंडर खुर्चीवर बसायचं, आणि घरात आलेली प्रत्येक सून पहिल्या आठवड्यात विचारायची की ओला टॉवेल कुठं अडकवू. उत्तर ठरलेलं: नवऱ्याच्या खांद्यावर.

बाहेरच्यांनीही हा दंडक पाळला. घणानं पहिल्या दिवशी बोट उचललं होतं. थोरल्यांनी नुसतं पाहिलं, तर त्यानं त्याच बोटानं स्वतःचं कपाळ खाजवलं. या घराच्या खांबाला टिचकी मारणं म्हणजे टाकसाळीत जाऊन नाणं वाजवून बघणं.

आणि या घरात सागाचा एकही खांब नव्हता.

मधलीला हे बत्तीस वर्षं ठाऊक होतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी सासऱ्यांनी तिला बोलावलं होतं. घरात कुणी नव्हतं. जिन्याखालच्या खांबाला पावलाजवळ ओल लागून रंग सुटला होता, आणि आत पांढुरकं देवदार दिसत होतं. ज्या लाकडाची फळांची खोकी करतात, ते. सासऱ्यांनी वाटीत रंग कालवला, एक पीस घेतलं, एक तुटक्या दातांचा कंगवा घेतला, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्या खोक्याच्या लाकडावर सागाच्या रेघा उमटवल्या. वर तेल, वर पॉलिश. दुसऱ्या दिवशी तिला कोणता खांब ते ओळखू आलं नाही. "मला माझ्या आईनं शिकवलं," ते म्हणाले, "तिला तिच्या सासऱ्यांनी. मुलांना सांगायचं नाही. मुलगे दुकानात बसतात. एक दिवस रागाच्या भरात बोलून जातील." तेव्हापासून दरवर्षी घरचे आठवडाभर गावाला गेले की मधली घर धुऊन काढायच्या निमित्तानं मागं राहायची. जाऊबाई सगळ्यांना सांगायच्या, मधलीला स्वच्छतेचं वेड आहे.

"झालं," वन्सं म्हणाल्या आणि चष्मा सावरून वाचायला लागल्या. त्यांच्या तोंडून जहाज आलं, ओंडके आले, दोनशे मजूर आले. मजूर कालपर्यंत चाळीस होते. शेवटी वाक्य होतं: "आम्ही खाली सही करणारे चौघे वारस, लाकडाची पारख असलेले, खात्रीपूर्वक सांगतो की या वास्तूतील सर्व लाकूड अस्सल सागवान आहे."

"'लाकडाची पारख असलेले' मला लागू नाही," धाकटा म्हणाला. "मी दातांतला."

"तुझी सही नुसती शोभेची आहे," थोरले म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली. वन्संनी केली. धाकट्यानं उभ्या उभ्या, औषधाच्या चिठ्ठीवर करतो तशी केली. मग कागद स्टुलापाशी आला.

मधलीनं पेन घेतलं, टोपण काढलं, आणि पुन्हा लावलं.

"काय झालं, वहिनी?" वन्संनी विचारलं.

"पारख माझ्या धंद्याला लागू आहे. म्हणून जरा थांबते."

"थांबतेस म्हणजे?" थोरले येरझाऱ्यांत थांबले.

"भाऊजी, मी गिऱ्हाइकाला लिहून देते तेव्हा आधी बघून देते. इथं बघितलंय कुणी?"

तिला वाटलं आपण फार बोललो. मग वाटलं, फारच थोडं.

"मला कळत होतं," धाकटा म्हणाला, दुखऱ्या दातासाठी ठेवतो त्याहून जरा जास्त दया आवाजात आणून. "वहिनी, कारखान्यासाठी जागा बघून देऊ ना आपण. माझ्या दवाखान्याच्या मागं एक गोदाम आहे. थोडं अंधारं आहे, पण..."

"अंधारात पॉलिश करायला मी काय वटवाघूळ आहे?"

"म्हणजे कारखानाच आहे मनात. तोंडानं पारख आणि पोटात टेबलं." वन्संनी कागद आपल्याकडे ओढला. "वहिनी, रागावू नका, पण तुमच्या तीन बायकांसाठी आमची सगळ्यांची अडवणूक करायची हे काही बरं नाही. मला माझ्या लेकाला शिकायला पाठवायचंय. याला दवाखाना वाढवायचाय. दादांचं दुकान तर..."

"माझ्या दुकानाचं मी बघतो," थोरले घाईनं म्हणाले. त्यांचं दुकान दोन वर्षं नुसतं नावावर चाललं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक आहे हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

जाऊबाई दारात येऊन उभ्या होत्या. हातात पुसायचं फडकं. "मधले," त्या म्हणाल्या, "तुला पैसे नकोत हे मी मानायची नाही. मग काय हवंय?"

पस्तीस वर्षांत या बाईनं तिला सरळ प्रश्न बहुधा पहिल्यांदा विचारला होता. मधलीनं उत्तर मात्र थोरल्यांकडे बघून दिलं.

"भाऊजींनी एकदा टिचकी मारावी. त्यांनी साग म्हटला की मी डोळे मिटून सही करते."

"वेड लागलंय हिला," थोरले म्हणाले.

"दादा, मार की," धाकटा खिडकीतून पुढं आला. "मी वाजवून बघितल्याशिवाय कुणाचा दात उपटत नाही. आपण अख्खं घर उपटतोय."

"तू गप्प बस."

"एक टिचकी तर आहे. पणजोबा काही उठून येत नाहीत."

"मी लहान असताना," थोरले म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली गेला, "या खांबाला चेंडू लागला म्हणून बाबांनी मला उन्हात उभं केलं होतं. चेंडू. बोटसुद्धा नाही. साठ वर्षं मी ज्याला हात लावला नाही, त्याला आज हिच्या हट्टासाठी?"

"हट्टासाठी नको," मधली म्हणाली. "माणूस पैसे देणार आहे. तो उद्या पाडायला घेईल तेव्हा त्याच्या माणसांचे घण आधी पडतील. टिचकी नंतर कुणी मारणारच आहे, भाऊजी. ती पहिली कुणाची असावी एवढंच ठरवा."

हे वाक्य तिनं रात्रभर घोटून ठेवलं नव्हतं. तोंडातून निघाल्यावर तिला स्वतःलाच ते जड वाटलं. थोरले तिच्याकडे बघत राहिले. आयुष्य समोरच्याच्या चेहऱ्यावरून भाव ओळखण्यात गेलेला माणूस. त्यांना तिच्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, पण त्यांनी कोटाच्या खिशातून हात बाहेर काढला.

तेवढ्यात गल्लीत हॉर्न वाजला. घणाची गाडी आली होती आणि नेहमीप्रमाणे तोंडाशी अडकली होती. समोरून भाजीची हातगाडी, मागून एक टेंपो. सगळे एकमेकांना मागं जायला सांगत होते आणि जो तो हॉर्नवर बसला होता. उघड्या दारातून घण दिसत होता. गाडीतून उतरून, पोट सावरत, ड्रायव्हरला हातानं खुणा करत.

"आला," वन्सं म्हणाल्या. "दादा, राहू दे आता. वहिनी, सही करा, आपण मागून बघू."

थोरल्यांना ते ऐकू गेलं की नाही कळलं नाही. ते मधल्या खांबापाशी गेले, मान तिरकी केली, कान लाकडाजवळ नेला आणि बोटाचं पेर मारलं. एकदा. मग हातभर वर, पुन्हा एकदा.

हॉर्नच्या गोंगाटात बाकी कुणाला काही ऐकू आलं नाही. मधलीला ऐकायची गरज नव्हती. ती त्यांच्या पाठीकडे बघत होती. पाठ आधी ताठ होती तशीच ताठ राहिली. फक्त मानेवरची शीर एकदा उडाली. ते वळले तेव्हा चेहरा कोरा होता. लिलावात पडेल किमतीला माल मिळाला किंवा घराला आग लागली, तर हा माणूस ज्या चेहऱ्यानं उभा राहायचा, तो चेहरा.

घण आत आला तो दम खात, पण डोळे चमकत होते. "मालक, मी बाहेरून पाहिलं. तुम्ही टिचकी मारली."

"मारली."

"या घरात."

"माझं घर आहे."

"कागद झाला का?"

"कागद झाला," थोरले म्हणाले. "विकायचं राहिलं. घर विकायचं नाही."

वन्संच्या हातातला कागद खाली पडला. धाकट्यानं तोंड उघडलं ते, खुर्चीत बसलेला पेशंट उघडतो तसं, उघडंच ठेवलं. घणानं थोरल्यांकडे पाहिलं, मग खांबाकडे, मग पुन्हा थोरल्यांकडे. त्याच्या मनात काय चाललंय ते मधलीला पाटीवर लिहिल्यासारखं वाचता येत होतं: शंभर वर्षांत ज्यांनी घरच्या लाकडाला बोट लावलं नाही, त्यांनी विकायच्या दिवशी लावलं, आणि बोट लावताच विकायचं नाही म्हणतात. म्हणजे आत आहे तरी काय.

"दुपटीवर थोडं वाढवतो," तो म्हणाला.

"नाही."

"अडीचपट, मालक. कागद नको. सह्या नकोत."

धाकट्याच्या घशातून एक आवाज आला. थोरल्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "पाहुण्यांना चहा द्या," ते जाऊबाईंना म्हणाले, आणि हे वाक्य या घरात सौदा मोडल्यावरच बोललं जातं, हे बाजारातलं शेंबडं पोरही जाणत होतं.

घणानं चहा घेतला. जाताना तो मधल्या खांबापाशी क्षणभर थांबला आणि त्यानं, बोट नाही, नुसता तळहात हलकेच टेकवला. "नशीबवान आहात," तो म्हणाला. गाडी उलटी काढायला त्याला वीस मिनिटं लागली.

मग धाकटा फुटला. "अडीचपट. दादा, त्यानं अडीचपट म्हटलं. कागदाशिवाय. आणि तू चहा काय देतोस? मी चौथा वाटेकरी आहे, मला विचारायला नको? वहिनींनी काय जादू केली तुझ्यावर?"

"टिचकी मार," थोरले म्हणाले.

"काय?"

"तुला मघापासून मारायची होती. मार."

धाकट्यानं मारली. पहिली रागानं, दुसरी हळू. तिसरीच्या वेळी त्यानं कान लावला. त्याला लाकूड कळत नव्हतं, पण आतून मेलेली वस्तू कळत होती. त्यानं खिशातून गाडीची किल्ली काढली आणि मधलीनं "नका" म्हणायच्या आत खांबाच्या कडेला खरवडलं. तांदळाच्या दाण्याएवढं पांढुरकं लाकूड उघडं पडलं.

"देवदार," वन्सं म्हणाल्या. लाकडाच्या घरात जन्मलेल्या बाईला ते बोटानं बघावं लागलं नाही. "किती खांब?"

"सगळे," मधली म्हणाली. "तुळया, तक्तपोशी, जिनासुद्धा."

थोरले खुर्चीत बसले. आज सकाळपासून पहिल्यांदा. "तुला केव्हापासून ठाऊक?"

तिनं सांगितलं. सासरे, वाटी, पीस, कंगवा. थोडक्यात सांगितलं. जहाज खरंच आलं होतं, ती म्हणाली. सासऱ्यांनी एवढं नक्की सांगितलं होतं. घरासाठी म्हणूनच ते आणलं होतं. पण माल धक्क्यावर उतरायच्या आत गिऱ्हाइकं दारात उभी राहिली, आणि पणजोबांना नाही म्हणता येईना. सगळा साग विकला गेला. घराचा पाया तर खणून झाला होता, आणि गावाला सागाचं घर सांगून झालं होतं.

"म्हणजे आम्ही चार पिढ्या खोटं बोलून माल विकला," थोरले म्हणाले. हळू म्हणाले, स्वतःला ऐकू जाईल इतपतच. "लोक घर बघायला यायचे आणि दुकानात ऑर्डर देऊन जायचे."

"आणि दुकानातून त्यांना काय मिळायचं?" मधलीनं विचारलं.

"साग. अस्सल. बाबांनी कधी एक फळी..." ते थांबले.

"बाजारात लोक मासला खरा दाखवतात आणि माल खोटा देतात," मधली म्हणाली. "तुमच्या घराण्यानं उलटं केलं. मासला खोटा ठेवला आणि माल जन्मभर खरा दिला. चांगली फळी घरात लावायची वेळ आली की ती कुणीतरी मागायला यायचं, आणि तुम्ही देऊन टाकायचात. तुम्हीसुद्धा, भाऊजी. माडीचा दरवाजा तुम्ही सागाचा करणार होतात, तो कुणाला दिला?"

जाऊबाई दारातून म्हणाल्या, "माझ्या भावाला. आणि मला अजून पडदा लावून निजावं लागतं."

वन्संना हसू आलं आणि ते त्यांनी आवरायचा प्रयत्न केला, पण ते नाकातून निघालंच. मग त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. लेकाचं शिक्षण त्या पाण्यात होतं, तिसरं शीड होतं, बाबांची मांडी होती. धाकटा भिंतीला टेकून कोरडा हिशेब करत होता. "म्हणजे हे घर विकता येत नाही," तो म्हणाला, "कारण पाडलं की कळणार. आणि कळलं की दादांचं दुकान गेलं."

"दुकान माझं एकट्याचं नाही. नाव तुमचंही तेच आहे. उद्या लोक तुझ्या दातांना वाजवून बघतील."

"दुरुस्तीलाही बाहेरचा माणूस आणता येत नाही," वन्सं म्हणाल्या.

"नाही," थोरले म्हणाले आणि मधलीकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. ज्या बाईला ते सकाळी अंधारं गोदाम देऊ करत होते, तिच्याशिवाय हे घर आता एक पावसाळाही साग राहणार नव्हतं. तिला यात जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. बत्तीस वर्षं एकटीनं वाहिलेलं ओझं खाली ठेवलं तर ते चौघांच्या पायांवर पडलं, एवढंच झालं होतं. कारखाना वाचला होता, आणि वाचल्याचं बोलायची ही वेळ नव्हती.

"तुझ्यानंतर?" जाऊबाईंनी विचारलं.

"शिकवते. ज्याला शिकायचं असेल त्याला."

"मग मला शिकव. माझे हात कापतात, पण मी फुकट आहे." मग त्यांनी फडक्यानं हात पुसले. "दरवर्षी मला गावाला पाठवून तू हे करायचीस होय. आणि मी जगाला सांगत फिरते, मधलीला स्वच्छतेचं वेड आहे."

"ते पण आहे, जाऊबाई."

खांबावरचा ओरखडा तसाच होता. दुपारी कुणीही येणार, इस्त्रीवाला येणार, शेजारी येणार. घण चहावरून बोलणार आणि उत्सुक माणसं निमित्त काढून दिवाणखाना बघायला येणार. मधली उठली, कारखान्यातून वाटी, तेल, पीस आणि कंगवा घेऊन आली. रंग कालवून तिनं बोटावर घेऊन खांबाशी ताडून बघितला, पांढरा दाणा आधी तपकिरी केला, वाळू दिला. मग गुडघ्यावर बसून पिसाच्या टोकानं वरच्या रेघेला खालची रेघ जोडायला घेतली. चौघं भोवती उभे. इतक्या लोकांसमोर तिनं हे कधी केलं नव्हतं, आणि तिचा हात नेहमीपेक्षा जलद चालला.

"थांब," थोरले म्हणाले.

ती थांबली.

ते पुढं आले आणि वाकले. मग गुडघे कुरकुरले तरी खालीच बसले. कोटाची बाही मागं सारली. "सागाची रेघ अशी वळत नाही. गाठीच्या जवळ आली की रेघ आधी दबते, मग वळते. ही एकदम वळलीय. तू हे बाबांकडून शिकलीस?"

"हो."

"बाबांनाही सांगायला हवं होतं कुणीतरी." त्यांनी हात पुढं केला. मधलीनं पीस दिलं. ते त्यांनी पेनासारखं धरलं, मग तसं धरायचं नसतं हे बहुधा त्यांनाच कळलं आणि त्यांनी पकड बदलली. चाळीस वर्षं लाकूड वाचलेल्या माणसानं पिसाचं टोक खांबाला टेकवलं. रेघ दबली, वळायला लागली, आणि अर्ध्यावर थरथरून थांबली.

मधलीनं त्यांच्या हातातून पीस घेतलं नाही. वाटी जरा जवळ सरकवली.